निनावी शत्रुपक्ष : अनाहूत पत्रे, रोजचे त्रास आणि मराठी विनोदाची दिशा

१

मराठीतील विनोदविषयक चर्चेत समर्थ रामदासांचे नाव बहुधा एकाच कारणासाठी निघते. विनोद हा टवाळांच्या आवडीचा विषय आहे, अशा आशयाचा शेरा दासबोधात येतो, आणि तेवढ्यावर समर्थांचा व विनोदाचा संबंध संपला असे मानले जाते. वास्तविक तो शेरा श्रवणाच्या निरूपणात, कोणत्या प्रकृतीच्या श्रोत्याला काय रुचते हे सांगण्याच्या ओघात आलेला आहे. विनोद या वाङ्मयव्यापाराविषयीचा सिद्धान्त म्हणून तो मांडलेला नाही. त्याच ग्रंथातील दुसऱ्या दशकाचा पहिला समास, 'मूर्खलक्षण', हा मात्र रोजच्या जीवनातील उपद्रवांची नोंद घेणारा एक समर्थ उपरोधपर पाठ आहे. कारणावाचून हसणारा, दोघे बोलत असता तिसराच जाऊन तेथे बसणारा, अशा माणसांची ती लांबलचक यादी आहे. तीत महापातक्यांपेक्षा सहवासात जीव नकोसा करणारी माणसे अधिक भेटतात, आणि ऐकणाऱ्याला ती ओळखू येतात म्हणूनच हसू येते.

दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याने घुसणे हा जो अविवेक समर्थांनी नोंदवला, तो आज एका प्रचंड उद्योगाचा पाया आहे. ई-मेलच्या पेटीत साठणारी अनाहूत पत्रे, मोबाईलवर उतरणारे 'प्रिय ग्राहक' असे संबोधणारे संदेश, जेवताना येणारा कर्जवाल्याचा फोन, हे सारे त्या तिसऱ्या माणसाचेच अवतार होत. साहजिकच त्यांच्यावर विनोदही भरपूर होतो. वृत्तपत्रांतील हलकीफुलकी सदरे, एकपात्री प्रयोग, दिवाळी अंकांतील लेख, घरगुती गप्पा या सर्व ठिकाणी 'परदेशी राजपुत्राने आपल्याला कोट्यवधी देऊ केले' किंवा 'न काढलेल्या तिकिटावर लॉटरी लागली' हा हुकमी विषय झालेला आहे. या विनोदाला वाङ्मयीन प्रतिष्ठा नाही, आणि त्याने ती मागितलेलीही नाही. तरीही समीक्षेने त्याची दखल घ्यावी असा एक प्रश्न त्याच्या पोटात आहे : हा विनोद नेमका कोणावर होतो? मराठी विनोदाने त्रास देणाऱ्या माणसाला हसण्याची जी रीत शंभर-सव्वाशे वर्षांत घडवली, ती त्रास देणारा माणूसच दिसेनासा झाल्यावर टिकते का?

या प्रश्नाकडे नेणारी एक वाट समर्थांच्या जन्मगावातूनच जाते. समर्थांचा जन्म १६०८ साली जांब येथे झाला. हे गाव आज जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. लग्नाच्या बोहल्यावर मंगलाष्टकांतला 'सावधान' हा शब्द कानी पडताच नारायण नावाचा तो मुलगा मांडव सोडून पळाला, ही परंपरेने सांगितलेली कथा मराठी माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. तिच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न येथे प्रस्तुत नाही. तिचा रूपबंध महत्त्वाचा आहे. 'सावधान' हे सूत्रवाक्य प्रत्येक लग्नात उच्चारले जाते. ते सर्वांना उद्देशून असते, आणि म्हणूनच कोणालाही उद्देशून नसते. वऱ्हाडी ते ऐकतात ते अक्षता टाकण्याची खूण म्हणून. एकाने ते शब्दशः, आणि केवळ आपल्याला उद्देशून, ऐकले. सार्वत्रिक संबोधन व्यक्तिगत मानण्याच्या या कृतीत एकाच वेळी हास्याचे आणि गांभीर्याचे बीज आहे. मांडवातल्या उरलेल्या मंडळींना तो वेडेपणा वाटला असेल; परंपरेने त्याला जागृती म्हटले. अनाहूत पत्राचा सारा व्यवहार याच सांध्यावर चालतो. लाखोंना धाडलेले एक सूत्र लाखांतला एखादा स्वतःला उद्देशून वाचतो. त्याचे पुढे काय होते, आणि मांडवातले उरलेले त्याला कसे हसतात, यावर या विनोदाची पारख अवलंबून आहे.

२

आधुनिक मराठी विनोदाचा आरंभ श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून मानण्याचा प्रघात आहे. वऱ्हाडात, आजच्या जालना जिल्ह्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव-जळगाव जामोद या भागात वकिली करणाऱ्या कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे' लिहिले. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्रिकूट रूढींच्या जंजाळातून हिंडते आणि त्या रूढींचे हास्यास्पद रूप उघडे करते. येथे त्रासाचे मूळ रूढी हे असले, तरी ती नेहमी कोणा तरी माणसाच्या तोंडून बोलते. भटजी, ज्योतिषी, सोयरे या नात्यांनी ती समोर उभी राहते. चिं. वि. जोशी यांनी चिमणरावांच्या रूपाने हा व्यवहार घराच्या आत आणला. मध्यमवर्गीय गृहस्थाची फजिती हा तेथे विषय झाला, आणि फजितीचा निवेदक स्वतः तो गृहस्थच असल्याने वाचकाचे हसू त्याच्यावर असूनही त्याला परके करणारे राहिले नाही. 'चिमणरावांचे चऱ्हाट' १९३३ साली प्रसिद्ध झाले. कारकुनी, बदल्या, पाहुणे, आजारपणे अशा क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासांना तोवर गंभीर वाङ्मयात जागा नव्हती, ती चिं. विं.नी विनोदात करून दिली.

या परंपरेची परिणती पु. ल. देशपांडे यांच्या 'मी आणि माझा शत्रुपक्ष' या लेखात झालेली दिसते. येथील शत्रू कोण आहेत? नव्याने बांधलेल्या घराचा कोपरान् कोपरा पाहुण्याला दाखवल्याशिवाय न सोडणारे यजमान आणि त्यांचे सगोत्र. त्यांचा अपराध अतिपरिचयाचा आहे. ते ओळखीचे आहेत, सज्जन आहेत, प्रेमळही आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यापासून सुटका नाही. 'शत्रुपक्ष' या भारदस्त शब्दाचा विनोद या विसंगतीतून निघतो. लेखकाचे शस्त्र उलटून त्याच्यावरही पडते, कारण त्या घराचे कौतुक खोट्या उत्साहाने करणारा तोच असतो. वाचकही यजमान आणि पाहुणा या दोन्ही भूमिका कधी ना कधी वठवलेला असतो. शत्रूला चेहरा आहे आणि तो चेहरा आपल्या घरच्या आरशातही दिसू शकतो, ही या विनोदाची नैतिक अट आहे. मराठी विनोदाला 'निर्विष' म्हणण्याची पद्धत पडली ती बहुधा या अटीमुळे. निर्विष या विशेषणात स्तुतीबरोबर मर्यादेचाही निर्देश असतो. पण ती मर्यादा ज्या समाजाने घातली त्यात माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती, हे विसरता येत नाही.

३

चेहरा असलेल्या शत्रूकडून निनावी शत्रूकडे जाणारा मराठी समाजातला दुवा म्हणजे साखळीपत्र. पोस्टकार्डावर देवीचा महिमा लिहिलेला असे. हे पत्र मिळताच अशीच अमुक पत्रे लिहून धाडावीत, धाडणाऱ्याला लाभ झाला, फाडणाऱ्याचे वाटोळे झाले, असा मजकूर असे. 'जय संतोषी माँ' हा हिंदी चित्रपट १९७५ साली लागला आणि त्यानंतरच्या काळात संतोषीमातेच्या नावाची अशी पत्रे व छापील पत्रके गावोगाव फिरल्याचे त्या पिढीतील लोकांच्या आठवणीत आहे. या पत्राची रचना पाहिली तर ती व्रतकथेच्या फलश्रुतीवरून उचललेली दिसते. व्रतकथेत व्रत मोडणाऱ्याचे अरिष्ट आणि पाळणाऱ्याचे वैभव असे दोन नमुने असतात. साखळीपत्राने व्रत काढून टाकले आणि केवळ फलश्रुती व धमकी ठेवली. आशय गळून प्रसाराची आज्ञा तेवढी उरली. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. पत्र पाठवणारा बहुधा नाव लिहीत नसे, पण अक्षर त्याचे असे आणि टपालाचा शिक्का त्याच्या गावचा असे. निनावीपणा अर्धा होता. अक्षर ओळखून 'हे पत्र आत्याबाईंनीच धाडले' असा शोध घरात लागे, आणि शत्रुपक्षाला पुन्हा चेहरा मिळे.

संगणकीय पत्राने हा उरलेला अर्धा चेहराही पुसला. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर एका संगणक कंपनीच्या विक्री-अधिकाऱ्याने सुमारे चारशे जणांना एकच जाहिरात धाडली. हे अशा प्रकारचे पहिले पत्र मानले जाते. १९९४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील दोघा वकिलांनी ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात हजारो चर्चागटांत एकदम टाकली, तेव्हा या उपद्रवाला उद्योगाचे रूप आले. त्याला मिळालेले 'स्पॅम' हे नावही विनोदातून आलेले आहे. १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाच्या एका प्रकाराचे ते व्यापारी नाव. १९७० साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील 'मॉंटी पायथन'च्या एका प्रहसनात उपाहारगृहातील प्रत्येक पदार्थात तेच मांस असते आणि त्याच शब्दाच्या घोषाने इतर सर्व संभाषण बुडून जाते. म्हणजे हा उपद्रव ओळखला गेला, त्याला नाव पडले, तेच मुळी एका प्रहसनाच्या आधाराने. पुनरुक्तीने अर्थ बुडवणे हे त्याचे लक्षण नाव देणाऱ्यांनी अचूक हेरले होते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १९९५ च्या १५ ऑगस्टला उपलब्ध झाले, आणि पुढे मोबाईलने ते तालुक्यातालुक्यात नेले. २००७ साली नको असलेल्या व्यापारी फोनांविरुद्ध एक राष्ट्रीय नोंदवही उघडण्यात आली. आपल्याला कोणी त्रास देऊ नये अशी इच्छा असेल तर आपले नाव एका यादीत नोंदवावे, ही तिची योजना. यादीतून सुटण्यासाठी यादीत शिरण्याची ही सोय चिमणरावांच्या काळी असती, तर तिच्यावर एक स्वतंत्र प्रकरण झाले असते. २०१० आणि २०१८ साली नियम अधिक कडक झाले. उपद्रव मात्र रूपे बदलून टिकून राहिला.

४

अशा पत्रांवरील विनोदाचा सर्वांत सुलभ विषय म्हणजे त्यांची भाषा. येथे हास्याच्या एका प्रसिद्ध उपपत्तीची उलटापालट झालेली दिसते. हेन्री बर्गसाँने १९०० साली मांडले की, सजीवावर यांत्रिकतेचा थर चढला की हसू येते. घसरून पडणारा माणूस, तेच तेच हातवारे करणारा वक्ता, नियमाच्या पलीकडे पाहू न शकणारा अंमलदार हे हास्यास्पद ठरतात, कारण माणूस असून ते यंत्रासारखे वागतात. अनाहूत पत्रात याच्या उलट घडते. तेथे यंत्र माणसासारखे वागू पाहते. ते जिव्हाळ्याने विचारपूस करते, वाढदिवसाच्या शुभेच्छा देते, विधवा होऊन अश्रू ढाळते, मृत्युशय्येवरून विश्वास टाकते. यांत्रिकतेवर सजीवाचा थर चढवण्याचा हा प्रयत्न ज्या ठिकाणी फाटतो, त्या ठिकाणी हसू फुटते. नावाच्या जागी नाव भरायचे राहून गेलेले रिकामे कंस, पुरुषाला 'प्रिय ताई' म्हणणारे संबोधन, एका वाक्यात 'तू' आणि दुसऱ्यात 'आपण', असे ते फाटलेले टाके असतात. मराठीत सर्वनामांची आणि क्रियापदांची आदरव्यवस्था गुंतागुंतीची असल्याने यंत्राचे सोंग येथे इंग्रजीपेक्षा लवकर उघडे पडते. नाते ठरल्याशिवाय मराठीत वाक्य पुरे होत नाही, आणि यंत्राला नातेच नसते.

या भाषेचा दुसरा घटक अधिक विचार करण्यासारखा आहे. 'आपले खाते बंद करण्यात येईल', 'आपली निवड करण्यात आलेली आहे', 'त्वरित पूर्तता न केल्यास कारवाई करण्यात येईल' ही वाक्ये वाचताना मराठी वाचकाला ती परकी वाटत नाहीत. ती त्याने कचेरीच्या फलकांवर, नोटिशींवर, वसुलीच्या कागदांवर वाचलेली असतात. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्या सुमारास घडवल्या गेलेल्या शासकीय मराठीची थट्टा तेव्हापासूनच होत आली. पण त्या थट्टेचा रोख बोजड संस्कृत शब्दांवर राहिला. कर्त्याला गायब करणारी 'करण्यात येते' ही रचना थट्टेतून बहुतांशी निसटली. कोण करणार, कोणाच्या अधिकाराने करणार, हे न सांगता काहीतरी घडणार आहे एवढेच ती सांगते. भामट्याला नेमके हेच हवे असते. त्याने ही भाषा नव्याने शोधलेली नाही. कचेरीने नागरिकाला निनावी अधिकारापुढे मान तुकवण्याची जी सवय लावली, तिचा तो आयता लाभार्थी आहे. तेव्हा खोट्या नोटिशीच्या भाषेला हसणारा विनोद खऱ्या नोटिशीच्या भाषेपर्यंत पोहोचत नसेल, तर तो अर्ध्या वाटेवर थांबलेला आहे असे म्हणावे लागते.

लुई अल्थुसेरने १९७० च्या आपल्या निबंधात विचारप्रणाली व्यक्तीला कशी घडवते हे सांगताना रस्त्यावरील पोलिसाच्या हाकेचे उदाहरण घेतले आहे. हाक ऐकून जो मागे वळतो, तो वळण्याच्या त्या क्रियेनेच तिचा विषय बनतो. गेल्या काही वर्षांत 'डिजिटल अरेस्ट' या नावाने जी फसवणूक फोफावली, ती या उदाहरणाचे अक्षरशः प्रात्यक्षिक आहे. गणवेशातला तोतया मोबाईलच्या पडद्यावरून हाक मारतो, आणि ऐकणारा आपल्याच घरात स्वतःला कैद करून घेतो. अशी अटक भारतीय कायद्यात नाही, हे २०२४ साली पंतप्रधानांना आकाशवाणीवरून सांगावे लागले. यावर पुष्कळ विनोद झाले. त्यांतले बहुतेक मागे वळणाऱ्यावर होते. मागे वळण्याची सवय कोठून आली यावर फार थोडे होते.

५

येथे या विनोदाच्या वर्मावर बोट ठेवणारा एक निष्कर्ष विचारात घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मक हर्ली यांनी २०१२ साली एक प्रश्न विचारला : फसवी पत्रे लिहिणारे आपण नायजेरियाचे असल्याचे उघडपणे का सांगतात? ती कथा इतकी वापरून झिजलेली आहे की वाचणारा लगेच सावध होतो. हर्ली यांचे उत्तर असे की, हेच तर पाठवणाऱ्याला हवे असते. पत्र लाखोंना पाठवण्याला खर्च जवळजवळ नाही. खर्च आहे तो उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी पुढे पत्रव्यवहार करण्याला. म्हणून जो अखेरीस पैसे देणार नाही, त्याने पहिल्याच पत्राला हसून ते टाकून द्यावे हे बरे. अविश्वसनीयता ही येथे चाळणी आहे.

वाचक-प्रतिसादाच्या परिभाषेत हे मांडले तर त्याचे गांभीर्य ध्यानात येते. प्रत्येक संहितेला एक अभिप्रेत वाचक असतो. या पत्राला हसणारा वाचक हा त्याचा अभिप्रेत वाचक नव्हेच. त्याला बाहेर ठेवण्याची तजवीज संहितेतच केलेली आहे. आपण पत्राची फजिती केली असे त्याला वाटते, प्रत्यक्षात त्याने पत्राने नेमून दिलेले काम पार पाडलेले असते. उपरोधाचे शस्त्र ज्याच्यावर उगारले, त्याला त्या शस्त्राची गरजच असेल, तर तो उपरोध उरत नाही. कोल्हटकरांचा ज्योतिषी सुदाम्याच्या विनोदाने घायाळ होत असे, कारण गिऱ्हाइके त्याच गावातली असत आणि हसू त्यांच्यापर्यंत पोहोचत असे. अनाहूत पत्राचा लेखक या हास्याच्या टप्प्यात नाही. मग हे हसू पडते कोठे? जो चाळणीतून खाली राहिला, त्याच्यावर.

जालन्यासारख्या जिल्ह्यात हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. १९८१ च्या १ मे रोजी जिल्हा म्हणून वेगळा झालेला हा मुलूख 'जालना सोने का पालना' या जुन्या म्हणीने आपल्या बाजारपेठेचा अभिमान मिरवतो. बियाणे, पोलाद आणि मोसंबी यांनी त्याचे नाव बाहेर नेले. येथील शेतकऱ्याचा शासनाशी आणि बँकेशी असलेला बराचसा व्यवहार आज मोबाईलवर आलेल्या संदेशांतून होतो. अनुदान जमा झाल्याचा, पीकविम्याची मुदत सांगणारा, 'ई-केवायसी' पूर्ण करण्याची आज्ञा देणारा संदेश खरा असतो, आणि त्याकडे दुर्लक्ष केले तर हप्ता थांबू शकतो. अगदी त्याच शब्दांत, त्याच कर्त्याविना रचनेत, खोटा संदेशही येतो. शहरी नोकरदाराला अनाहूत पत्र हा निव्वळ व्यत्यय वाटतो, कारण त्याच्याकडे अधिकृत व्यवहाराची इतर साधने आहेत. ज्याच्यासाठी तोच एक दरवाजा आहे, त्याला प्रत्येक थाप उघडून पाहावी लागते. त्याच्या या नाइलाजाला भोळेपणा म्हणून हसणे म्हणजे साधनांच्या विषमतेला बुद्धीच्या विषमतेचे नाव देणे होय.

या हास्याचे एक व्यावहारिक फलितही आहे. फसलेला माणूस गप्प बसतो. पैसे गेल्याचे दुःख तो सोसतो; गावात हसे होईल याची लाज त्याला सोसवत नाही. तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे आणि पैसे अडवायचे तर पहिले काही तास मोलाचे असतात, पण तेच तास लाज गिळण्यात जातात. म्हणजे मांडवातल्या मंडळींचे हसू भामट्याच्या हिशेबात दुसऱ्यांदा जमेस धरले जाते : एकदा चाळणी म्हणून, आणि पुढे पडदा म्हणून.

विनोदाइतकीच सावधगिरीची सूचनाही या चक्रात सापडलेली आहे. २०२४-२५ मध्ये कोणालाही फोन लावला की आधी सायबर फसवणुकीविरुद्धचा इशारा ऐकावा लागे. दवाखान्यात निघालेल्या माणसालाही रिक्षावाल्याशी बोलण्यापूर्वी तो ऐकणे भाग होते. लोक वैतागले, त्याच्यावर विनोद झाले, आणि २०२५ च्या जूनमध्ये तो बंद झाला. इशारा खरा होता. पुनरुक्तीने तो ज्याच्याविरुद्ध होता त्याच्याच जातीचा झाला. 'सावधान' हा शब्द पुन्हा एकदा मंगलाष्टकांतल्यासारखा झाला : सर्वांनी ऐकलेला आणि कोणीही न ऐकलेला. २०२४ पासून लग्नपत्रिकेच्या मिषाने मोबाईलवर घातक फाइल पाठवण्याचा एक प्रकार सुरू झाला आहे. पत्रिका उघडली की बँकेचे खाते उघडे पडते. लग्न, आमंत्रण आणि 'सावधान' यांचे जांबच्या कथेतले त्रिकूट असे विपरीत रूप घेऊन परत आले आहे. फरक एवढाच की या मांडवात शिरताना कोणी तो शब्द उच्चारत नाही.

६

मग या विषयावर चांगला विनोद शक्य नाही काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. मराठवाड्याच्याच मातीतला एक नमुना येथे उपयोगी पडतो. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात खेड्यातले वऱ्हाड विमानाने परदेशी लग्नाला निघते. अपरिचित यंत्रणेपुढे भांबावलेली खेडवळ माणसे हा विषय शहरी प्रेक्षकाला फुकटच्या श्रेष्ठत्वाचे समाधान देण्यासाठी सहज वापरता आला असता. तसे होत नाही, याचे एक कारण प्रयोगाच्या रूपात आहे. सर्व पात्रे एकाच नटाच्या देहातून येतात. हसणारा, ज्याला हसायचे तो, आणि त्याला हसणाऱ्याला हसणारा, हे एकाच आवाजाचे चढउतार होतात. प्रेक्षकाला कोणा एकाला वेगळे काढून त्याच्यावर हसता येत नाही. त्या माणसांची बोली विनोदाचे साधन असली, तरी ती त्यांच्या शहाणपणाचेही साधन आहे; विमानप्रवासाच्या विधींमधला पोकळपणा त्या बोलीतूनच उघडा पडतो. यंत्रणा हास्यास्पद होते, माणूस होत नाही.

दुसरा नमुना पुन्हा दासबोधाचा आहे. मूर्खलक्षणांच्या समासाची रचना पाहण्यासारखी आहे. यादीच्या आरंभीच समर्थ सांगून ठेवतात की मूर्ख दोन प्रकारचे, एक साधा आणि एक पढतमूर्ख. आणि शेवटी म्हणतात की ही लक्षणे सांगितली ती टाकून देण्यासाठी. पहिल्या समासात साध्या मूर्खाची यादी होते. ऐकणारा हसतो, शेजाऱ्याकडे पाहतो, 'हा अमक्याला लागू' असे मनात म्हणतो. मध्ये आठ समास जातात. दशकाच्या शेवटी, दहाव्या समासात, पढतमूर्खाची लक्षणे येतात : पुष्कळ ऐकलेला, जाणता, इतरांना सांगणारा, आणि तरीही मूर्ख. पहिल्या समासाला जो सर्वांत मोठ्याने हसला, त्याच्यासाठी दहावा समास राखून ठेवलेला आहे. उपरोधाची ही योजना विलक्षण आहे. हसणाऱ्याला ती बाहेर उभे राहू देत नाही. त्याला अवकाश देऊन, सावकाश, यादीत ओढून घेते.

अनाहूत पत्रांवरील विनोदाला आज या दहाव्या समासाची गरज आहे. त्याची सामग्री वास्तवानेच पुरवलेली आहे. 'डिजिटल अरेस्ट'मध्ये सापडलेल्यांत उच्चशिक्षित माणसे, निवृत्त अधिकारी, डॉक्टर आहेत. नायजेरियाच्या राजपुत्राला हसून हसून जे तयार झाले, तेच गणवेशाच्या हाकेला वळले. शिवाय ज्या भाषिक ठिगळांवर हा विनोद इतकी वर्षे जगला, ती ठिगळेही नाहीशी होत आहेत. २०२२ च्या अखेरीपासून सफाईदार मजकूर तयार करणारी संगणकीय साधने सर्वांच्या हाती आली. 'तू' आणि 'आपण' यांतला घोळ आता यंत्र करीलच असे नाही. रिकामे कंस भरले जातील, ताईला ताई आणि दादाला दादा म्हटले जाईल. अशुद्ध भाषेवरून भामटा ओळखण्याची जी ऐट सुशिक्षित वाचक मिरवत होता, ती त्याच्या हातून जाणार आहे. आणि शुद्ध लिहितो तो प्रामाणिक, हा मराठी पांढरपेशांचा जुना समजही त्याबरोबर जाईल. विनोदाच्या दृष्टीने ही हानी नव्हे. सोपे हसू संपले की खऱ्या विसंगतीकडे वळावे लागते.

ती विसंगती पत्राच्या व्याकरणात नाही. ती नागरिकाला मिळणाऱ्या संबोधनात आहे. जो समाज आपल्या माणसांशी खऱ्या कामासाठीही 'प्रिय ग्राहक' आणि 'करण्यात येईल' या निनावी भाषेत बोलतो, त्यात खोट्याने खऱ्याचे सोंग घेणे अवघड जात नाही. पु. लं.च्या शत्रुपक्षाला चेहरा होता म्हणून विनोदकाराला त्याच्याशी भांडता आणि समेट करता आला. निनावी शत्रुपक्षावरील विनोदाचे पहिले काम त्याला चेहरा मिळवून देणे हे आहे. 'करण्यात येईल' या क्रियापदाचा हरवलेला कर्ता त्याने शोधला पाहिजे, मग तो कर्ता तोतयाच्या खोलीत सापडो की कचेरीच्या टेबलामागे. हे न करता जो विनोद चाळणीखाली राहिलेल्या माणसाकडे बोट दाखवून थांबतो, त्याला समर्थांनी टवाळी म्हटले असते, आणि या एका प्रकरणी विनोदाच्या कैवाऱ्यांनाही त्यांचा शेरा मान्य करावा लागला असता.